खिरापतीतले बेदाणे आणि गुंड्याची किडनी : कोथरूडमधलं एक प्रकरण

पाच वर्षांचा नर बीगल कुत्रा, वजन ११ किलो, नाव गुंड्या. लसीकरण वेळच्या वेळी झालेलं, गोचिडांचं औषध दर महिन्याला चालू. तक्रार अशी : रात्री दोनपासून पाच-सहा उलट्या, सकाळपासून पाण्यालाही तोंड लावलेलं नाही, उभा राहिला की मागचे पाय लटपटतात. घरात गौरी-गणपती, पाहुण्यांची ये-जा, आणि या सगळ्या गडबडीतून वेळ काढून घरातले तिघं जण त्याला सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्यात घेऊन आले. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. बाकी प्रकरण घडलं तसंच मांडते.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात कुणीही कुत्र्याला काही भलतंसलतं खायला घातलेलं नव्हतं. जे दिलं ते देवापुढचं होतं, थोडं थोडं होतं आणि मायेनं दिलेलं होतं. विषबाधेचा डोस पाच-सहा हातांत वाटला गेला, त्यामुळे तो कुणाच्याच लक्षात आला नाही. एकत्र कुटुंबात, सणासुदीत, कुत्र्यांची विषबाधा मला बहुतेक वेळा अशीच दिसते.

पहिला तपास

ताप नव्हता. हिरड्या कोरड्या, कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसत होती, म्हणजे अंगातलं पाणी बऱ्यापैकी कमी झालेलं. कमरेच्या वरच्या बाजूला, किडन्यांच्या जागी दाबलं की गुंड्या अंग चोरायचा.

पुण्यात भाद्रपदात उलट्या करणारा कुत्रा आला की डोक्यात तीन-चार गोष्टी एकदमच येतात. पहिली लेप्टोस्पायरोसिस. पावसाचं साचलेलं पाणी, त्यात उंदरांची लघवी, आणि तेच पाणी चाटणारा कुत्रा. दुसरी गोचीड ताप, जो आपल्याकडे बाराही महिने असतो. तिसरी स्वादुपिंडाची सूज, कारण सणात तळणीचे मोदक आणि तूप कुत्र्याच्या पोटात कुठून ना कुठून जातंच. आणि चौथी, खाण्यातून झालेली विषबाधा.

रक्ताच्या काचपट्टीवर गोचीड तापाचे जंतू दिसले नाहीत, प्लेटलेट्सही व्यवस्थित होत्या. स्वादुपिंडाची चाचणी निगेटिव्ह. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक, मात्र २.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. कुत्र्यात ते साधारण १.५ च्या आत असायला हवं. आणि लघवीच्या पट्टीवर साखर दिसली. रक्तातली साखर ९६, म्हणजे मधुमेह नाही. रक्तात साखर नेहमीएवढी असताना ती लघवीत उतरते, तेव्हा किडनीतल्या सूक्ष्म नलिकांचा सुरुवातीचा भाग दुखावलेला असतो. गाळलेल्या पाण्यातून साखर परत खेचून घेणं हे त्याच भागाचं काम.

लेप्टोमध्येही असंच चित्र दिसू शकतं. म्हणून रक्त आणि लघवीचे नमुने पीसीआरला पाठवले, अँटिबायोटिक चालू केलं, आणि त्याची लघवी हाताळताना सगळ्यांनी हातमोजे घालायचे असं ठरलं, कारण लेप्टो माणसालाही होतो. पण एवढ्यावर थांबणं शक्य नव्हतं.

कोणी काय दिलं

"काय खाल्लं होतं?" या प्रश्नाला शंभरातल्या नव्वद घरांत एकच उत्तर मिळतं, आणि ते याही घरात मिळालं. "काही नाही डॉक्टर, त्याचं नेहमीचंच. चिकन-भात आणि त्याचं ते ड्राय फूड." हे उत्तर खोटं नसतं. बोलणाऱ्यानं स्वतः जे वाडग्यात घातलं तेवढंच तो सांगत असतो.

म्हणून मी प्रश्न बदलते, आणि जमेल तितकं प्रत्येकाला वेगळं विचारते : काल दिवसभरात तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला काय दिलंत? आणि उलटी कुणी पुसली?

उलटी आजींनी पुसली होती. फोनवर त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पिवळं पाणी होतं गं, आणि त्यात द्राक्षांसारखं काहीतरी. पण द्राक्षं कुठली आत्ता?"

ते बेदाणे होते. पोटातल्या पाण्यात फुगून, गोल होऊन पुन्हा द्राक्षासारखे दिसणारे. बेदाणे कुत्र्याच्या जठरात बराच वेळ पडून राहतात, म्हणून खाल्ल्यावर सात-आठ तासांनीही ते उलटीत असे अख्खे निघतात.

मग एकेक धागा हाती लागला. गणपतीपुढे रोज खिरापत : खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बेदाणे. घरातल्या दोन्ही नातवंडांना बेदाणे आवडत नाहीत. ती वाटीतलं खोबरं आणि खडीसाखर खातात आणि बेदाणे वेचून बाजूला ठेवतात. आदल्या संध्याकाळी आरतीला दहा-बारा माणसं होती, त्यात आणखी तीन मुलं. सगळ्यांच्या वाट्यांमध्ये बेदाणे उरले. प्रसाद आहे, केराच्या डब्यात टाकायचा कसा? आजींनी ते सगळे गोळा करून गुंड्याच्या भांड्यात घातले. तोही देवाच्या घरचाच जीव, त्याला मिळू दे, इतका सरळ विचार. त्याआधी धाकट्या नातीनं सोफ्याखाली हात घालून मूठभर दिले होतेच. काकांनी खिरापत तळहातावर धरून दोनदा चाटवली होती. आणि शेजारच्या काकू येता-जाता "घे रे" म्हणून काय देत होत्या याचा पत्ता नव्हता.

मी घरी थांबलेल्या सूनबाईंना स्वयंपाकघरातला वजनकाटा काढायला सांगितलं. पाव किलोचं तासगावच्या बेदाण्यांचं पाकीट होतं, त्यात किती उरले ते पाहिलं. डब्यातल्या खिरापतीतले किती असतील याचा अंदाज घेतला, माणसांनी खाल्ले असतील ते वजा केले. शेवटी एका संध्याकाळचा हिशोब ५० ग्रॅमच्या आसपास आला.

एक बेदाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे शंभरेक बेदाणे. ११ किलोच्या कुत्र्यात किलोमागे साडेचार ग्रॅम. किडनी निकामी झाल्याच्या नोंदी किलोमागे २.८ ग्रॅम बेदाण्यांपासून आहेत, म्हणजे गुंड्याच्या वजनाला सुमारे ३० ग्रॅम. एका मोठ्या माणसाची एक मूठ. ताज्या द्राक्षांसाठी हाच आकडा किलोमागे वीस ग्रॅमच्या आसपास आहे. साधारण चार किलो द्राक्षं वाळवून एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे बेदाण्याचं थोडंही फार ठरतं.

आपल्याला चालतं ते त्याला का नाही

हा प्रश्न आजींनी मला दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष येऊन विचारला, आणि तो अगदी रास्त होता. जो पदार्थ बाळंतिणीला देतात, अशक्त माणसाला रात्रभर भिजवून देतात, तो एका प्राण्याच्या जिवावर कसा उठतो?

याचं उत्तर बरीच वर्षं कुणाकडेच नव्हतं. द्राक्ष-बेदाण्यांनी कुत्र्यांच्या किडन्या जातात हे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २००१ च्या सुमारास ठळकपणे मांडलं. १९९२ ते २००२ या काळातल्या, किडनी निकामी झालेल्या ४३ कुत्र्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले २३ वाचले होते. पण कारण सापडत नव्हतं. फवारणीचं औषध, बुरशी, जड धातू असे सगळे संशय घेऊन झाले. घरच्या मळ्यातल्या, न फवारलेल्या द्राक्षांनीही कुत्रे आजारी पडत होते.

धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. मुलांसाठी घरी मळलेली खेळायची माती एका कुत्र्यानं खाल्ली, आणि त्याच्या किडनीला हुबेहूब तशीच इजा झाली. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षात तेच आम्ल असतं. एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये हे मांडलं, आणि पाठोपाठ चिंच खाऊन किडनी गेलेल्या कुत्र्यांची प्रकरणं त्याला जोडली. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत टार्टारिक आम्ल कुत्र्याच्या किडनीतल्या पेशींवर घालून पाहिलं तेव्हा त्या मेल्या, माणसाच्या पेशींना काही झालं नाही. हे आम्ल पेशीतून बाहेर काढून टाकणारा एक वाहक माणसाच्या किडनीत असतो, कुत्र्याच्या पेशीत तो नाही. त्यामुळे आम्ल आत येतं, साचतं, आणि नलिकेची पेशी मरते. आज तरी सर्वांत पटणारं उत्तर हेच आहे.

मराठी घरासाठी यातली चिंच फार महत्त्वाची. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल साधारण ८ ते १८ टक्के असतं, द्राक्षाच्या कितीतरी पट. आमटी-भाताचा एखादा घास चाटला म्हणून घाबरून जायची गरज नाही. पण चिंचेचा गोळा, कोळाचं ठेवलेलं भांडं, भेळेच्या चटणीची वाटी कुत्र्याच्या तोंडाच्या टप्प्यात असता कामा नये. द्राक्षं टाळणारी सुजाण माणसंही चिंचेचा विचार करत नाहीत, हे मी वारंवार पाहते.

शेजारच्या काकूंचं म्हणणं होतं की त्यांचा लॅब्रेडॉर तर उन्हाळाभर द्राक्षं खातो, त्याला कधी काही झालं नाही. ते खरं असणार. द्राक्षातलं हे आम्ल जातीनुसार, पिकण्यानुसार बरंच कमी-जास्त होतं, प्रत्येक कुत्र्याची सोसण्याची ताकद वेगळी असते, आणि ३४ किलोच्या कुत्र्याला दहा द्राक्षं म्हणजे फार काही नव्हे. आज खाल्लेल्या घोसात काही झालं नाही यावरून उद्याच्या घोसाबद्दल काहीच सांगता येत नाही. नेमकी सुरक्षित मात्रा सांगता येत नाही, म्हणूनच आम्ही सरसकट नको म्हणतो.

दवाखान्यातले दिवस

गुंड्याला दाखल करून घेतलं. बेदाणे खाऊन बारा तास उलटून गेले होते आणि पोट त्यानं स्वतःच रिकामं केलं होतं, त्यामुळे उलटीचं औषध देण्यात अर्थ नव्हता. उलटी थांबवणारं इंजेक्शन, पोटासाठी औषध आणि शिरेतून सलाईन. सलाईनचा हेतू केवळ पाणी भरून काढणं नव्हता, किडनीतून प्रवाह चालू ठेवणं हा होता.

अशा रुग्णात सगळं लक्ष लघवीवर असतं. मूत्रमार्गात नळी घालून पिशवी लावली, आणि दर दोन तासांनी आकडा लिहिला. पाण्याची तूट भरून निघाल्यावर किलोमागे तासाला एक ते दोन मिलिलिटर लघवी व्हायला हवी. पहिल्या संध्याकाळी ती अर्ध्या मिलिलिटरवर अडकली होती. ही सगळ्यांत नाजूक वेळ. लघवी होत नसताना सलाईन रेटत राहिलं तर पाणी फुप्फुसात भरतं. म्हणून दिवसातून तीन वेळा वजन, श्वासाची गती मोजणं, आणि सलाईन उतरत्या मापानं. लघवी वाढवणारं औषध थेंबाथेंबानं चालू केलं. पहाटे चारला पिशवीत एकदम फरक दिसला, आणि सकाळपर्यंत तासाला किलोमागे दीड मिलिलिटर झाली. ती झाली नसती तर पुढचा मार्ग डायलिसिसचाच होता, आणि कुत्र्यांसाठी ती सोय आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी आहे.

लघवी सुरू झाली तरी क्रिएटिनिन लगेच उतरत नाही, हे घरच्यांना आधी समजावून सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते ३.९ झालं, तिसऱ्या दिवशी ४.६. काका माझ्यासमोर गप्प बसून राहिले. चौथ्या दिवशी ३.१ आणि गुंड्यानं स्वतःहून चार घास भात खाल्ला. लेप्टोचा पीसीआर दोन्ही नमुन्यांत निगेटिव्ह आला. सातव्या दिवशी क्रिएटिनिन १.९ असताना तो घरी गेला. गणपतीचं विसर्जन तोवर होऊन गेलं होतं.

ते पहिले तास

बेदाणे खाल्ले संध्याकाळी आठच्या सुमारास. उलट्या रात्री दोनला. दवाखाना सकाळी नऊला. खाल्लेलं कळल्याबरोबर, दोन-चार तासांत कुत्रा आणला असता तर औषधानं उलटी करवून बहुतेक बेदाणे बाहेर काढता आले असते, आणि तीन दिवस सलाईन व रोजची रक्ततपासणी एवढ्यावर निभावलं असतं. बेदाण्यांच्या बाबतीत उशीर झाला तरी उलटी करवण्याचा उपयोग होतो, कारण ते पोटात पडून राहतात. लक्षणं दिसण्याची वाट पाहू नये, कारण किडनी बिघडल्याचं रक्तात दिसायला अनेकदा एक ते तीन दिवस लागतात. कुत्रा खेळतोय, शेपूट हलवतोय, म्हणजे सगळं ठीक आहे असा अर्थ निघत नाही.

रात्री या घरात दोन उपाय सुचवले गेले. एक ताक, जे पाजलं गेलं. त्यानं अपाय झाला नाही, उपायही झाला नाही. दुसरा, कुणीतरी फोनवरून सांगितलेलं मिठाचं पाणी. आजींनी ते होऊ दिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम वाढतं, झटके येतात. दोन-तीन मोठे चमचे मीठ गुंड्याएवढ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. हा सल्ला आपल्याकडे अजून फिरतो, तो थांबायला हवा.

त्याच घरात आणखी काय होतं

गुंड्या दाखल असताना सूनबाईंनी मला फ्रीज आणि ओट्याचे फोटो पाठवून "यातलं काय काय नको" असं विचारलं. सगळ्याच कुटुंबांनी असं विचारावं. चॉकलेट मोदकांचा डबा पहिला. कोकोतलं थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून बरंच लवकर निघून जातं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं अर्धं प्रमाण उरायलाच सतरा-अठरा तास लागतात, तोवर हृदय धडधडत राहतं. किलोमागे २० मिलिग्रॅमला अस्वस्थपणा आणि उलट्या, ६० ला झटके. दुधाच्या चॉकलेटात एका ग्रॅमला साधारण दोन मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये पाच आणि त्याहून जास्त, कोको पावडरमध्ये कितीतरी अधिक. म्हणून "चॉकलेट खाल्लं" एवढं सांगून भागत नाही, वेष्टन घेऊन यावं लागतं.

नैवेद्याच्या ताटात कांदा-लसूण नव्हता, पण गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी भजी होणारच होती. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून ती जात नाहीत, आणि लसूण कांद्याहून कडक. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो : हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहासारखी होते. तेव्हा रविवारची भजी कुणाला आठवत नाहीत.

आजींच्या पर्समधलं शुगर-फ्री च्युइंगगम मी लगेच वर ठेवायला सांगितलं, कारण त्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, लिहिलेलं होतं. कुत्र्याचं स्वादुपिंड झायलिटॉलला साखर समजून इन्सुलिन सोडतं, आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅमला हे होतं, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतही जाऊ शकतं. सगळ्याच शुगर-फ्री पदार्थांत ते नसतं, म्हणून वेष्टन वाचायचं. आणि खिडकीत ठेवलेला बुरशी आलेला ब्रेड, जो सोसायटीच्या खालच्या कुत्र्यांसाठी काढून ठेवला होता, तोही नको. काही बुरशींच्या विषानं अंग थरथरतं, झटके येतात. रस्त्यावरच्या कुत्र्याची किडनी, यकृत, मेंदू गुंड्यासारखेच असतात.

पुढचं

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.६, तीन महिन्यांनी १.४. पट्टीवर साखर नाही. पण लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती दाट आहे याचं माप, १.०२० वर थांबलं आहे. धडधाकट कुत्र्याची किडनी लघवी १.०३० च्या वर आटवू शकते. म्हणजे काही नलिका गेल्या त्या गेल्याच, उरलेल्या काम सांभाळतायत. गुंड्याला आता पाण्याची दोन भांडी लागतात. दुखण्यावरची गोळी, माणसाची तर नाहीच, कुत्र्याचीही, विचारल्याशिवाय द्यायची नाही. दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब. दिवाळीत उरलेला प्रसाद आजींनी तुळशीच्या कुंडीत घातला, आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात गुंड्यासाठी उकडलेल्या गाजराचे तुकडे ठेवले. पुढची तपासणी फाल्गुनात आहे.